घरातल्या एकालाच 'केस' करू नका : कुटुंब समुपदेशन, गटोपचार आणि चाचण्या

ओवरी | सोमवार, रात्री ९:१०

पालकत्वाच्या धाग्यावर परवा एका आईने लिहिलं होतं की दहावीतला मुलगा ताटावरून उठून जातो, वडिलांशी बोलत नाही, मार्क घसरलेत. खाली ओळीने प्रतिसाद आले, "काउन्सेलरकडे पाठवा." सल्ला वाईट नाही, पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते. बिघाड मुलात आहे, तो नीट करून आणला की घर पूर्वीसारखं चालू लागेल. मी समुपदेशनाच्या कामात बरीच वर्षं आहे, आधी व्यसनमुक्तीत, आता मुलं आणि कुटुंबं. ही समजूत मला जवळजवळ रोज भेटते आणि तिच्यापायी अनेक मुलांचे हाल झालेले पाहिलेत. म्हणून सविस्तर लिहिते.

कुटुंबासोबत काम करताना पहिली गोष्ट आम्ही शिकतो ती ही : ज्याला घेऊन येतात तो घराने ठरवलेला रुग्ण असतो. त्रास त्याला असतोच, खोटा नसतो. पण तो त्रास कशामुळे टिकून राहिलाय हे बहुतेक वेळा माणसांच्या मधल्या जागेत सापडतं. वर म्हटलेल्या मुलाच्या घरी कदाचित आईवडील एकमेकांशी धड बोलत नसतील. आईचं वडिलांबद्दलचं गाऱ्हाणं मुलापाशी जात असेल आणि वडिलांचा आईवरचा राग मुलाच्या अभ्यासावर निघत असेल. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी यालाच त्रिकोण म्हटलं. दोन माणसांमधला ताण दोघांना पेलेनासा झाला की तिसऱ्याला ओढून घेतलं जातं, आणि आपल्याकडे तो तिसरा फार वेळा थोरला मुलगा किंवा मुलगी असते. त्या मुलाला एकट्याला आठवड्यातून एक तास माझ्यासमोर बसवलं, तर तो तास संपल्यावर तो पुन्हा त्याच त्रिकोणात जाऊन बसणार.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे असं कुणाला वाटत असेल तर एक इतिहास सांगते. बोवेन यांनी १९५४ ते १९५९ या काळात अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तरुण रुग्णांबरोबर आधी त्यांच्या आयांना आणि मग सबंध कुटुंबांना वॉर्डात राहायला आणलं. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहायला सांगत होते. मनोरुग्णालयात माणूस टाकून गेलेले नातेवाईक परत फिरकत नसत, तो काळ. तंबूत राहिलेल्या घरच्यांनी आपला माणूस बरा होताना डोळ्यांनी पाहिला. डॉक्टर त्यांना एकत्र बसवून आजार समजावून सांगत, आणि घरी परत नेण्याची भीती कमी होई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही नातेवाइकाने रुग्णासोबत राहायची पद्धत त्याच दशकात पडली. बोवेन आणि डॉ. विद्यासागर यांच्या पद्धतींत एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत कुटुंबाला बोलावलं गेलं ते आजाराचं मूळ तिथे असेल या संशयाने, आणि अमृतसरला बोलावलं गेलं ते सोबती म्हणून. मी स्वतः अमृतसरच्या बाजूची आहे.

पहिल्या भेटीत काय होतं? मी फारसं बोलत नाही. कोण कुणाच्या शेजारी बसतं, प्रश्न मुलाला विचारला तर उत्तर कोण देतं, कुणाच्या बोलण्यावर कोण खाली मान घालतं, हे बघत असते. मग तीन पिढ्यांचा आराखडा काढतो : कोण कुणाचं, कुणाशी बोलणं तुटलं, कोण व्यसनात गेलं, कुणाच्या मृत्यूबद्दल घरात कुणी बोलत नाही. कागदावर हे उतरताना घरचे लोकच चकित होतात. आणि प्रश्न आडून विचारायचे. भावाला विचारायचं, "ताई रडते तेव्हा बाबा काय करतात?" आईला विचारायचं, "या दोघांचं भांडण झालं की आजी कुणाच्या खोलीत जाते?" स्वतःबद्दल विचारलं की माणूस वकिली करतो. दुसऱ्या दोघांबद्दल विचारलं की घर कसं चालतं ते दिसायला लागतं.

एक इशारा. कुटुंबोपचार करणारे साल्वादोर मिनुचिन यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियात काम करताना कुटुंबातल्या सीमारेषांचा विचार मांडला : काही घरांत त्या इतक्या पुसट असतात की कुणाला स्वतःचं काही उरत नाही, काहींत इतक्या कडक की एकाचं दुःख दुसऱ्याला कळत नाही. विचार मोलाचा आहे, पण तिकडचं माप आपल्या घरांना जसंच्या तसं लावू नये. दोन खोल्यांच्या घरात नातू आजीजवळ झोपतो हा बिघाड नाही. मी एवढंच विचारते की या घरात एखाद्याने "मला आज बोलायचं नाही" म्हटलं, तर ते ऐकलं जातं का?

गटोपचार आणि चाचण्यांबद्दल प्रतिसादांत लिहीन. विचारा.

---

जुना_सातारकर | सोमवार, रात्री १०:०२

लेख चांगला आहे, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. हे काम पूर्वी मामा करायचा. मामा यायचा, दोन दिवस राहायचा, दोन्ही बाजूंना झापायचा आणि मिटायचं. आता तासाला हजार-दीड हजार देऊन परक्या माणसापुढे घरातली धुणी धुवायची. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी काय करायचं?

---

ओवरी | सोमवार, रात्री १०:३१

जुना_सातारकर, मामाचं महत्त्व मला पूर्ण मान्य आहे. ज्या घराला असा मामा आहे त्यांनी आधी त्यालाच बोलवावं. पण मामा आईचा भाऊ असतो हे घरातल्या सुनेला आणि वडिलांना कधी विसरता येत नाही. तो मिटवायला येतो, आणि मिटवणं म्हणजे बहुधा जो दुबळा आहे त्याने गप्प बसणं. समुपदेशक निवाडा देत नाही. खरं तर चांगला समुपदेशक सल्लासुद्धा फार कमी देतो. "काय करू ते सांगा" असं विचारणाऱ्यांची सुरुवातीला निराशा होते, पण घरातल्यांनी स्वतः शोधलेली वाटच घरी टिकते.

पैशांचं तुमचं म्हणणं खरं आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात आणि जिल्हा रुग्णालयात ही सेवा नाममात्र खर्चात मिळते. गर्दी असते, पण मिळते. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

---

कडुनिंब | सोमवार, रात्री ११:१५

आमच्या घरी वडील येणारच नाहीत. "मी काय वेडा आहे?" एवढं एकच वाक्य. आई येईल, मी येईन, बहीण फोनवरून येईल. मुख्य माणूसच नसेल तर उपयोग काय?

---

ओवरी | मंगळवार, सकाळी ७:२०

कडुनिंब, जे येतील त्यांच्यापासून सुरू करायचं. बोवेन तर उत्तरायुष्यात अनेकदा घरातल्या एकाच माणसाबरोबर काम करत. त्रिकोणातला एक कोपरा हलला की उरलेल्या दोघांना जागा बदलावी लागते. आई जेव्हा वडिलांबद्दलची तक्रार तुमच्याकडे आणते, तेव्हा तुम्ही ना वडिलांची बाजू घ्यायची, ना आईची. "आई, हे तू त्यांनाच सांग. मी जवळ बसतो हवं तर." पहिल्यांदा आई दुखावते. घरात ताण वाढतो, आणि लोक तिथेच घाबरून मागे येतात. आधी थोडं बिघडणार हे ठाऊक असावं.

आणि वडिलांना निरोप कसा जातो तेही बघा. "तुमच्यामुळे हे सगळं झालंय, चला" असं सांगितलं तर कुठलाच बाप येणार नाही. "काउन्सेलरना तुमच्याकडून काही माहिती हवी आहे, तुमच्याशिवाय पुढे जाता येत नाही" असं सांगा. ते खोटं नाही. मी अनेक वडिलांना स्वतः फोन करते आणि हेच सांगते. जे एकदा येतात, त्यांच्यातले बरेच जण दरवाजातच सांगतात की मी पाच मिनिटंच बसणार आहे. मग तासभर बोलतात. त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

---

तांबडफुटी | मंगळवार, दुपारी १:०५

एक गोष्ट ठळकपणे लिहायला हवी होती असं मला वाटतं. जिथे मारहाण आहे तिथे नवरा-बायकोला एकत्र बसवून समुपदेशन करणं धोक्याचं आहे. ती समोर जे बोलेल त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. "घर वाचवा" म्हणणारे समुपदेशक मी स्त्रियांच्या संस्थेत काम करताना खूप पाहिले. 'सगळ्यांचाच थोडा थोडा वाटा असतो' हा विचार हिंसेला लावला की मार खाणारीवरही जबाबदारी येते.

---

ओवरी | मंगळवार, दुपारी २:४०

तांबडफुटी, शंभर टक्के. म्हणूनच जोडप्यासोबत काम सुरू करण्याआधी दोघांशी वेगवेगळं बोलायचा नियम पाळायलाच हवा, आणि त्या वेगळ्या भेटीत भीतीबद्दल थेट विचारायचं : "त्यांचा आवाज चढला की तुम्हाला काय होईल असं वाटतं?" भीती असेल तर एकत्र भेट नाही. आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता, कायद्याची माहिती, राहायची सोय. मारणं ही मारणाऱ्याची एकट्याची जबाबदारी आहे. ती कुटुंबाच्या रचनेत वाटून टाकता येत नाही.

वाचणाऱ्यांसाठी : टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सोबतीने स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसतात. पुढे महाराष्ट्रभर असे कक्ष झाले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारीही आहेत.

---

पारिजात२२ | मंगळवार, रात्री ११:४८

एरवी मी इथे फक्त वाचते. गटोपचाराबद्दल ताई लिहिणार म्हणाल्यात, त्याआधी माझा अनुभव लिहिते.

नवऱ्याच्या दारूसाठी त्याला केंद्रात ठेवलं होतं. तिथे सांगितलं की बायकांचा गट असतो, तुम्हीही या. मला राग आला होता. पितो तो आणि गटात मी का? तरी गेले, कारण न गेल्यास त्याला नीट बघणार नाहीत अशी उगाच भीती होती. गोल करून खुर्च्या. माझ्या शेजारी भाजी विकणाऱ्या बाई, समोर एक बँकेत अधिकारी असलेल्या. मी मनात म्हटलं, माझं आणि यांचं काय जुळणार.

त्या दिवशी एक बाई सांगत होती की सोमवारी सकाळी ती नवऱ्याच्या ऑफिसात फोन करते, "ह्यांना ताप आलाय." मी दचकले. हेच वाक्य, हाच सोमवार. मग बँकेतल्या बाई म्हणाल्या, मी पोटदुखी सांगते, ताप मोजून बघता येतो म्हणून. आम्ही सगळ्याच तसले फोन करत होतो. पैसे लपवायच्या जागाही सारख्याच निघाल्या, तांदळाचा डबा आणि देव्हाऱ्याच्या मागे. माझ्या सख्ख्या बहिणीला जे कधी सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी बायकांना सांगितलं.

फोन बंद कर असं मला कुणीच म्हटलं नाही. भाजीवाल्या काकूंनी फक्त विचारलं, "तू फोन केला नाहीस तर काय होईल?" त्याचं उत्तर शोधायला मला कितीतरी आठवडे लागले. नवरा त्यानंतर दोनदा घसरला, आता बरा आहे. पण तो बरा नसता तरी मी आज जशी आहे तशीच असते. एवढंच सांगायचं होतं.

---

गवतफूल | बुधवार, सकाळी ८:३०

पारिजात२२, लिहिलंत म्हणून खूप आभार. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

---

ओवरी | बुधवार, रात्री ९:००

पारिजात, गटोपचार समजावून सांगायला मी जे काही लिहिणार होते त्याचा गाभा तुम्ही लिहिलात.

थोडी जोड देते. गटातून बरं करण्याची आधुनिक सुरुवात एका क्षयरोगाच्या डॉक्टरने केली. बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये सॅनेटोरियमचा खर्च न झेपणाऱ्या गरीब क्षयरुग्णांचे वर्ग घ्यायला सुरुवात केली, पथ्य शिकवण्यासाठी. त्यांच्या लक्षात आलं की पथ्याइतकाच एकमेकांच्या सोबतीचा उपयोग होतोय. पुढे याकोब मोरेनो यांनी गटात प्रसंग उभे करून बघण्याची पद्धत आणली. मानसोपचारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटात नेमकं काय गुण देतं याचे अकरा घटक मांडले. त्यातला "माझ्या एकटीचंच असं नाही" हा पारिजातच्या पहिल्या दिवशीचा अनुभव, आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याने स्वतःची किंमत कळणं हा भाजीवाल्या काकूंचा. वर्षानुवर्षं घरात "तुला काय कळतंय" ऐकलेल्या बाईच्या एका प्रश्नाने दुसरीचं आयुष्य वळतं. एकास एक समुपदेशनात मी कितीही शिकलेली असले तरी हे देऊ शकत नाही, कारण माझ्या नवऱ्याला व्यसन नाही हे समोरच्या बाईला दिसत असतं.

गट म्हणजे नुसतं एकत्र जमणं नव्हे. माहिती देणारे गट असतात, आधारगट असतात, आणि जिथे गटातल्या माणसांचं आपापसातलं वागणं हाच उपचाराचा विषय असतो असे गट असतात. या तिसऱ्या प्रकारात सात-आठ माणसं बरी, त्यापेक्षा फार वाढली की दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. गट सुरू करण्याआधी प्रत्येकाची वेगळी भेट घ्यायची. ज्याला आत्ता तीव्र भ्रम आहेत, किंवा जो स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याच्या उंबरठ्यावर आहे, त्याला आधी वेगळी मदत लागते. गटाचे नियम असे : इथे जे बोललं जाईल ते इथेच राहील, दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही, उपदेश करायचा नाही, गट सोडायचा असेल तर येऊन सांगायचं. न सांगता गळणारा एक माणूस उरलेल्यांना फार लागतो, म्हणून शेवटचा नियम.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा वेगळ्या. तिथे तज्ज्ञ नसतो, १९३५ पासून व्यसनी माणसंच एकमेकांना सांभाळत आली आहेत. आपल्याकडे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने दोन्हींची सांगड घातली, आणि व्यसनी माणसाच्या बायकोलाही स्वतःचा गट हवा हे महाराष्ट्राला दाखवून दिलं. माझ्या मते ते त्यांचं फार मोठं काम आहे.

---

शेवंता | बुधवार, रात्री १०:२२

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत. आई दिवसभर त्याच्या मागे असते : उठ, अंघोळ कर, चार माणसांत बस. तो चिडतो, आई रडते. डॉक्टर म्हणाले घरातलं वातावरण शांत ठेवा. म्हणजे आईमुळे झालं का हे? ती हेच विचारत असते.

---

ओवरी | गुरुवार, सकाळी ६:५०

शेवंता, आईला आजच सांगा : नाही. आईच्या वागण्याने स्किझोफ्रेनिया होतो अशी एक कल्पना गेल्या शतकाच्या मध्याला खुद्द मानसोपचारतज्ज्ञांनीच मांडली होती. ती पुराव्याने टिकली नाही, पण तिच्यापायी हजारो आयांनी अपराधी भाव वाहिला.

वातावरणाचा संबंध आहे तो आजार उलटण्याशी, म्हणजे पुन्हा उफाळण्याशी. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी काहींचा आजार लवकर उलटतो. पुढे क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६ मध्ये मांडलं की जिथे सतत टीका, रोष किंवा अति गुंतणूक असते आणि रुग्ण आठवड्याला ३५ तासांहून जास्त काळ तसं वागणाऱ्या नातेवाइकाच्या समोरासमोर असतो, तिथे धोका जास्त. गोळ्या नियमित असतील तर कमी. चंदीगडच्या अभ्यासात, जो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, अशी घरं लंडनच्या मानाने बरीच कमी आढळली. आपली कुटुंबं सांभाळून घेतात याचा तो एक पुरावा आहे.

म्हणून उपाय साधा आहे, करायला अवघड आहे. आई आणि भाऊ, दोघांनाही दिवसातले काही तास एकमेकांपासून सुटी हवी. आईने देवळात जावं, भिशीला जावं, काही करावं. दहा सूचनांऐवजी दिवसाला एक, आणि ती झाली की तिची दखल. अंघोळ टाळणं हा आळस नसून बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो, हे कळलं की आईचा आवाज आपोआप उतरतो. आणि आईला एकटीला ठेवू नका. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तिथे सांभाळणाऱ्यांचा आधारगट चालतो. वाणी सर कॅनडात संख्याशास्त्र शिकवत. हा आजार त्यांच्या स्वतःच्या घरात होता, म्हणून घरच्यांना काय लागतं ते त्यांना ठाऊक होतं.

---

जर्सीकर | गुरुवार, सकाळी ९:१५

मी न्यू जर्सीत, भाऊ नागपुरात. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाची शाळेच्या सांगण्यावरून टेस्ट केली, आयक्यू ७८ आला. वहिनी कोसळली आहे. भाऊ म्हणतो मुलगा नापास झालाय. ७८ म्हणजे नक्की काय? इथे अमेरिकेत पुन्हा करून घ्यावी का?

---

ओवरी | गुरुवार, दुपारी ३:३०

जर्सीकर, आधी वहिनींना फोन करा आणि सांगा की ही परीक्षा नव्हती, त्यात नापास कुणी होत नाही.

तुमच्या भावाच्या गावाचा या विषयाशी जुना संबंध आहे. भारतीय मुलांसाठी सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या बुद्धिमापन चाचण्यांपैकी एक ए. जे. मालिन यांनी नागपुरातच बाल मार्गदर्शन केंद्रात बसवली. १९६९ ची ती चाचणी ६ ते १५ वयाच्या मुलांसाठी आहे, तिच्यात अकरा उपचाचण्या असतात, सहा भाषेवर आधारलेल्या आणि पाच हाताने करण्याच्या. त्याही आधी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली होती. दोन्ही आजही वापरात आहेत, आणि हाच चिंतेचा विषय आहे. इतक्या जुन्या काळच्या मुलांवरून काढलेली प्रमाणकं, म्हणजे तुलनेची मापं, आजच्या मुलाला लावताना तपासणाऱ्याने फार जपून बोलायला हवं.

आता ७८. सरासरी १०० धरलेली असते, आणि बहुसंख्य मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. ७० ते ८४ हा सीमेवरचा पट्टा. कुठलीही चांगली चाचणी पुन्हा केली तर पाच-सहा गुण इकडेतिकडे होतातच, म्हणून नीट लिहिलेल्या रिपोर्टमध्ये एक आकडा नसून पट्टा असतो. भावाला रिपोर्ट उघडायला सांगा आणि हे बघा : भाषेचे गुण आणि हाताच्या कामाचे गुण यांत मोठी तफावत आहे का? असेल तर दोन्हींची सरासरी फारसं काही सांगत नाही. चाचणी कुठल्या भाषेत घेतली? घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला इंग्रजीत शब्दार्थ विचारले असतील, तर त्या गुणांत त्याची बुद्धी किती आणि भाषा किती? त्या दिवशी तो कसा होता, घाबरला होता का, हे निरीक्षण लिहिलंय का? चाचणीआधी कान आणि डोळे तपासले होते का? कमी ऐकू येणारी मुलं मंद म्हणून वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसतात.

बौद्धिक अक्षमता निव्वळ आकड्यावरून ठरत नाही. रोजचं जगणं, म्हणजे कपडे घालणं, पैसे ओळखणं, दुकानातून वस्तू आणणं, मित्र जोडणं, याची वेगळी मोजणी लागते. आणि ७८ आकडा तर त्यासाठी धरल्या जाणाऱ्या ७० च्या मर्यादेच्या वरचा आहे. अडचण फक्त वाचण्या-लिहिण्यात असेल तर अध्ययन अक्षमतेची वेगळी तपासणी करावी लागेल, ती मुलगा ज्या भाषेत शिकतो त्या भाषेत. थर्मामीटर ताप दाखवतो, ताप कशाचा ते सांगत नाही. अमेरिकेत चाचणी करण्यात अर्थ नाही. तिथली प्रमाणकं तिथल्या मुलांची आहेत.

आणि माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. टेस्टचा आकडा घरात शिरला की घर त्याभोवती बसायला लागतं. उद्यापासून त्याचा अभ्यास कोण घेतं, कोण त्याच्यावर ओरडणं थांबवतं, कोण त्याच्याशी खेळणं थांबवतं, हे सगळं त्या ७८ वरून ठरेल. चाचणीचा निकाल आईवडिलांना दोघांना एकत्र, पुरेसा वेळ देऊन, मुलाला काय जमतं तिथपासून सुरुवात करून सांगायला हवा. पाकिटात घालून दिलेला रिपोर्ट म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. भावाला तपासणाऱ्यांकडे पुन्हा जाऊन तासभर मागायला सांगा. तो आईवडिलांचा हक्क आहे.

---

मांडवीकाठ | गुरुवार, रात्री ८:४५

पणजीहून. चर्चा आवडली, पण सगळा भर तज्ज्ञांवर आहे. आमच्या गोव्यात संगथ या संस्थेने दाखवून दिलं आहे की मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण नीट प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून नैराश्याला आणि दारूच्या समस्येला उपयोगी पडेल असं समुपदेशन करू शकतात. ठरलेला आराखडा, नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा, कोंकणीतून. त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. खेड्यातली बाई जिल्ह्याला मानसशास्त्रज्ञ शोधत कधी जाणार?

---

ओवरी | गुरुवार, रात्री ९:५०

मांडवीकाठ, हे मुद्दाम लिहिलंत ते बरं झालं. त्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे. त्यातली दुसरी बाजूही सांगायला हवी : त्या समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत, त्यांचे गट नियमित बसून एकमेकांचं काम तपासत, आणि अवघड रुग्ण पुढे पाठवायची वाट आखलेली होती. आठवड्याच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून एकट्याने दुकान थाटणाऱ्यांशी त्यांची तुलना होऊ नये. चाचण्यांचं मात्र वेगळं. निदानासाठी वापरायची बुद्धिमापन चाचणी घेणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असावा, यात तडजोड नको.

---

कडुनिंब | शुक्रवार, सकाळी १०:१०

शेवटचा प्रश्न. आई, बहीण आणि मी जायचं ठरवलंय. पण बहिणीने एक गोष्ट फक्त मला सांगितली आहे, ती आईला कळता कामा नये. ती समुपदेशकाला सांगितली तर ते आईला सांगतील का? आणि फोन करताना काय विचारावं?

---

ओवरी | शुक्रवार, दुपारी १२:२५

कडुनिंब, हेच पहिल्या फोनवर विचारा : "एकाने वेगळं सांगितलेलं तुम्ही इतरांना सांगता का?" प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. काही जण कुठलंही गुपित एकट्याने ऐकत नाहीत. मी ऐकते, सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय ते उघड करत नाही, पण ते गुपित कामाच्या आड येत असेल तर सांगणाऱ्यानेच ते मांडावं म्हणून त्याला मदत करते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा हक्क म्हणून नोंदला आहे. त्याला अपवाद आहेत : कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे, तिथे समुपदेशकाला गप्प राहता येत नाही. बहिणीला हे आधी सांगा, म्हणजे किती सांगायचं ते ती ठरवेल.

बाकी विचारायचं ते असं : तुमचं शिक्षण काय, कुटुंबासोबत काम केलंय का की फक्त एकेकट्याशी, फी किती आणि कमी होऊ शकते का, बहीण व्हिडिओवरून आली तर चालेल का, तुमच्या कामाची देखरेख कोण करतं. शेवटच्या प्रश्नाला राग आला तर दुसरीकडे जा. साधारण चार-पाच भेटींनंतर सगळ्यांनी मिळून "काही हललं का" हे विचारायचं, आणि हललं नसेल तर तसं तोंडावर सांगायचं.

तुमच्या गावाचं नाव मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. जवळपास कोण आहे ते बघते.